आधी त्याच्या पोटाचं बघ

भाचीचा निरोप रात्री उशिरा आला. "मावशी, मला कॅमेरा घ्यायचाय. पहिलाच. मोबाइल आहे, पण मला खराखुरा हवाय. यातला कोणता घेऊ?" खाली पाच मॉडेलांची नावं आणि प्रत्येकापुढे मेगापिक्सेलचा आकडा. यादी तिने मनापासून केली होती. लेन्स किती दूरचं दाखवते, पडदा वळतो का, वजन किती, सगळं नीट लिहिलं होतं. एकच रकाना नव्हता. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याच्या वेळी माझ्या यादीतही तो नव्हता, आणि त्याची किंमत मी एका सकाळी मोजली होती.

मी तिला उलट विचारलं, "हा खातो काय आणि किती, ते बघितलंस?"

डिजिटल कॅमेऱ्याआधी मी बाबांचा फिल्मचा कॅमेरा वापरायचे. पूर्ण यांत्रिक. अंगठ्याने तरफ ओढली की आतली स्प्रिंग ताणली जायची, बटण दाबलं की तीच स्प्रिंग शटर उघडून मिटायची. त्याच्यात बॅटरी नव्हतीच. वर्षभर कपाटात पडून राहिला तरी बाहेर काढल्या क्षणी तो तयार असायचा. त्यामुळे कॅमेरा नावाच्या वस्तूला भूक असते हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. रोल संपतो, एवढंच माहीत होतं.

माझा पहिला डिजिटल कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा होता आणि दोन पेन्सिल सेलांवर चालायचा. दोन मेगापिक्सेलवाला सोडून मी तो घेतला, कारण तीन हे दोनपेक्षा जास्त असतात, यापलीकडे मला काही कळत नव्हतं. खोक्यात दोन अल्कलाइन सेल आले होते. ते घातले, आणि दोन दिवस घरातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढत सुटले. रोल संपायची भीती नाही, धुऊन घ्यायची वाट नाही. तो आनंद आजही आठवतो.

त्याच सुमारास कुंडीतल्या लिंबाच्या रोपावर एका सुरवंटाने कोष केला. हिरवा, काडीला एका धाग्याने बांधलेला, थोडा मागे रेललेला. मी रोज सकाळी त्याचा एक फोटो काढायचे. दहाव्या की अकराव्या दिवशी कोष काळपट दिसायला लागला. जवळून बघितलं तर त्याच्या पातळ झालेल्या भिंतीतून पंखांवरची नक्षी दिसत होती. म्हणजे उद्याच. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी स्टुलावर जाऊन बसले. कॅमेरा चालूच ठेवला, कारण बंद केला की लेन्स आत जायची आणि पुन्हा उघडायला काही सेकंद लागायचे. पडदा विझला की मी बटणाला हात लावून त्याला जागा ठेवायचे. तासभर असं चाललं. मध्येच उजेड कमी वाटला म्हणून फ्लॅशही दोन-तीनदा उडवला.

मग कोषाच्या डोक्याकडे एक बारीक भेग पडली. मी बटण दाबलं. एक फोटो आला. दुसऱ्यांदा दाबलं, फ्लॅश भरण्याचा तो बारीक आवाज सुरू झाला, पडद्यावर बॅटरीचं लाल चिन्ह आलं आणि सगळं काळं झालं. लेन्स बाहेरच राहिली. मी धावत जाऊन भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला, दुसरा रिमोटमधून काढला, घातले. कॅमेऱ्याने डोळासुद्धा उघडला नाही. परत कुंडीपाशी आले तोवर फुलपाखरू बाहेर येऊन रिकाम्या कोषाला लटकलं होतं, चुरगळलेल्या ओल्या पंखांसकट. पुढचा तासभर ते पंख हळूहळू उलगडताना मी नुसत्या डोळ्यांनी बघितले. बघितलं ते अजून स्पष्ट आठवतं. तरीही त्या दिवशी मला रडू आलं होतं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. अकरा दिवसांचे अकरा फोटो आणि बाराव्या दिवशी भेग. त्यापुढे काही नाही.

संध्याकाळी घड्याळ रिकामं टांगलेलं बघून मी कॅमेऱ्यातून काढलेल्या 'संपलेल्या' सेलांपैकी एक त्यात घालून बघितला. घड्याळ चाललं. पुढे कित्येक महिने चाललं. मला ते कोडं स्वस्थ बसू देईना. संपलेला सेल घड्याळ चालवतो, तर मग संपलं काय होतं?

उत्तर शोधायला वेळ लागला, पण ते कळल्यावर कॅमेऱ्याकडे बघायची माझी नजरच बदलली. नवा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो. आत जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड असतं. वापराबरोबर त्याचा व्होल्टेज उतारावरून घसरावं तसा हळूहळू खाली येतो आणि त्याचा आतला विरोध वाढत जातो. घड्याळाला विजेचा अगदी क्षीण प्रवाह पुरतो, त्यामुळे त्याला हा विरोध जाणवतही नाही. कॅमेरा मात्र घोटाघोटाने पीत नाही. लेन्सची मोटर फिरवायची, पडदा उजळायचा, फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर भरायचा, अशा वेळी तो एकदम मोठा घास मागतो. तो घास देताना सेलचा व्होल्टेज क्षणभर कोसळतो. कॅमेऱ्याचा मेंदू ठरावीक पातळीवर लक्ष ठेवून असतो, ती ओलांडली की तो सगळं बंद करतो. सेलच्या पोटात ऊर्जा असते. ती इतक्या घाईने बाहेर काढायची ताकद त्याच्यात उरलेली नसते.

हे कळल्यावर त्या सकाळी काय करता आलं असतं तेही कळलं. त्या कॅमेऱ्याला वरच्या बाजूला एक छोटी काचेची खिडकी होती, बघायला. पडदा बंद ठेवून मी तिच्यातून बघत बसले असते तर सेल कितीतरी जास्त टिकले असते. फ्लॅश बंद करायला हवा होता. आणि अगदी लाल चिन्ह आल्यावरही सेल काढून थोडा वेळ बाजूला ठेवले असते, तर ते किंचित सावरले असते आणि पंख उलगडतानाचे एक-दोन फोटो मिळाले असते. दमलेला माणूस पायरीवर टेकून पुन्हा चार पावलं चालतो, तसंच.

त्यानंतर मी रिचार्जेबल सेल घेतले, निकेल-मेटल हायड्राइडचे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून वाटलं, हे तर आणखी अशक्त. पण या सेलांचं वागणं वेगळं असतं. त्यांचा व्होल्टेज उतारावरून घसरत नाही. पठारावरून चालल्यासारखा तो बराच काळ जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी कड्यावरून पडतो. आतला विरोधही कमी, त्यामुळे मोठा घास ते सहज देतात. माझ्या कॅमेऱ्यात अल्कलाइनची जोडी जेवढे फोटो द्यायची, त्याच्या कितीतरी पट यांनी दिले. एक दोष होता. भरून ठेवलेले सेल नुसते पडूनही रिते व्हायचे. महिना-दीड महिन्याने खणातून काढावेत तर पोकळ. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले, ते अशी गळती फार कमी होणारे, आणि त्या एका सुधारणेने पेन्सिल सेलांच्या कॅमेऱ्यांचं आयुष्य बदललं. मी तेव्हापासून जोड्या लावते. एकाच दिवशी आणलेल्या दोघांवर पेनाने 'क', पुढच्या दोघांवर 'ख'. जोडी मोडायची नाही, कारण एक सेल आधी रिता झाला की दुसरा त्याला उलट्या दिशेने ढकलत राहतो आणि दुबळा कायमचा जायबंदी होतो.

ही भूक कॅमेऱ्याला जन्मापासूनच आहे. १९७५ मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा जोडला, तेव्हा त्यात १६ निकेल-कॅडमियम बॅटऱ्या होत्या. वजन सुमारे ३.६ किलो. चित्र १०० बाय १०० ठिपक्यांचं, म्हणजे अवघे दहा हजार ठिपके, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद. मला त्या यंत्रातलं सगळ्यात बोलकं काही वाटत असेल तर त्या १६ बॅटऱ्या. प्रकाशाची वीज करायची, विजेचे आकडे करायचे आणि ते कुठेतरी लिहून ठेवायचे, या प्रत्येक पायरीला खाऊ घालावं लागतं. पुढे १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. हातात मावणारा आणि दिवसभर चालणारा कॅमेरा शक्य झाला यात तिचा फार मोठा वाटा आहे. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या बॅटरीमागच्या तिघांना मिळालं, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना. ती बातमी वाचताना मला माझं स्टूल आणि लिंबाचं रोप आठवलं होतं.

भाचीने दुसऱ्या दिवशी फोन केला. "मावशी, मेगापिक्सेल बघायचेच नाहीत का?"

"बघ, पण शेवटी बघ. आधी सांग, तुला काढायचंय काय?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "तारे. आणि आमचं मांजर."

हे ऐकून मला बरं वाटलं. 'सगळंच काढायचंय' म्हणणाऱ्याला सल्ला देता येत नाही. तारे म्हटल्यावर अर्धी निवड झालीच. अंधारात कामाला येतो तो मोठा सेन्सर, म्हणजे लेन्समागची प्रकाश टिपणारी चिप. खिशातल्या साध्या कॅमेऱ्यांमध्ये सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी नावाच्या मापाचा साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. क्षेत्रफळाचा गुणाकार करून बघितला तर तेरापट. पावसात वाटी ठेवणं आणि परात ठेवणं यात जो फरक, तोच इथे. मेगापिक्सेल म्हणजे त्या भांड्यात किती कप्पे पाडलेत एवढंच. सहा बाय चार इंचांचा उत्तम छापील फोटो हवा तर इंचाला ३०० ठिपक्यांनी १८०० बाय १२००, म्हणजे २२ लाखांच्याही आत ठिपके लागतात. माझे ३.२ मेगापिक्सेलचे कोषाचे फोटो त्या आकारात छापलेले आहेत, आणि काडीवरची लव सुटी सुटी दिसते. तिच्या यादीतले पाचही कॅमेरे यापेक्षा कितीतरी पुढचे होते. त्यातले दोन मात्र छोट्या सेन्सरचे, ते तिने तेव्हाच खोडले.

मग आली भुकेची गोष्ट. बॅटरी एका भरणीत किती फोटो देते याचा आकडा कंपन्या छापतात, तो बहुधा सीपा या जपानी संघटनेच्या नियमाने मोजलेला असतो. दर ३० सेकंदांनी एक फोटो, फ्लॅश असेल तर एकाआड एका फोटोला फ्लॅश, झूम पुढे-मागे, दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू. कुणीच असे फोटो काढत नाही, पण दोन कॅमेरे एकमेकांशेजारी ठेवून बघायला हा आकडा चांगला. त्यातून एक मोठी गोष्ट दिसते. २०१८ च्या निकॉन डी३५०० या डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा, आकडा १५५० आहे. २०१४ च्या सोनी ए६००० या मिररलेसचा, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्याचा, साधारण ३६०. फरक नुसत्या बॅटरीचा नाही. डीएसएलआरमध्ये आरशावरून आलेला प्रकाशच तुम्ही डोळ्याने बघता, तेवढ्या वेळात सेन्सर आणि पडदा निजलेले असतात. मिररलेसमध्ये तुम्ही नुसतं बघत असता तेव्हाही सेन्सर जागा, पडदा जागा. माझी कोषापाशी बसायची तीच चूक, फक्त यंत्राच्या रचनेतच बसवलेली. त्यात कमीपणा नाही, मिररलेसचे फायदे खूप आहेत आणि नव्या मॉडेलांच्या बॅटऱ्या सुधारल्या आहेत. पण घेणाऱ्याला हे माहीत हवं.

ताऱ्यांसाठी मात्र हा आकडाही पुरेसा नाही. ताऱ्यांच्या फिरण्याच्या कमानी काढायच्या तर ३०-३० सेकंदांचे फोटो सलग दोन तास, म्हणजे २४० फोटो, आणि त्यात सेन्सरला एक क्षण विश्रांती नाही. माझी एक बॅटरी उबदार रात्री अडीच तास पुरली होती, तीच कडाक्याच्या थंडीत दीड तासही नाही. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक हालचाल मंदावते. 'संपली' म्हणून काढलेली बॅटरी अंगाजवळच्या खिशात अर्धा तास ठेवली की पुन्हा बरीचशी जिवंत होते, म्हणून मी थंडीत दुसरी बॅटरी नेहमी स्वेटरच्या आत ठेवते. पण कमानी काढताना मध्येच बॅटरी बदलली तर प्रत्येक ताऱ्याच्या रेषेत खाच पडते. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांचं बॅटरीचं दार तळाला असतं, आणि ट्रायपॉडची पट्टी नेमकी त्यावर येते. पट्टी काढली की नेम हलला. एका रात्री असं झाल्यावर मी तशीच उठून घरी आले होते.

म्हणून मी तिला सांगितलं, तुझा कॅमेरा बाहेरून वीज घेत घेत काम करू शकतो का ते माहितीपुस्तिकेत शोध. टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे काम झालं असं धरू नकोस. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून विकायला येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांनाही ते सक्तीचं झालंय, त्यामुळे नव्या कॅमेऱ्यांत ते सर्रास दिसेल. पण चार्ज होणं वेगळं आणि चालणं वेगळं. काही कॅमेरे बंद असतानाच वीज घेतात. चालू केले की बॅटरीवरच येतात. ज्यांना बाहेरची वीज थेट चालते त्यांना पॉवर बँक जोडून तू रात्रभर बसू शकशील. जुन्या काहींना नकली बॅटरी मिळते, बॅटरीच्याच आकाराची, शेपटीला वायर असलेली. तीही चालेल.

"आणि दुसरी लेन्स?" तिने विचारलं.

"वर्षभर नको. दुसरी बॅटरी पहिल्या दिवशीच घे."

यावर मी ठाम आहे. दुसरी बॅटरी असलेला माणूस जागेवर थांबू शकतो. नसलेला मनात सतत उरलेल्या रेघा मोजत असतो आणि समोरचं निम्मं बघतो. फक्त ती कुठलीही उचलू नये. माझ्याकडच्या एका भलत्याच बॅटरीचं पोट फुगलं आणि ती कॅमेऱ्याच्या आतच अडकली. दार उघडून, कडेने हलकेच ओढत ती बाहेर काढायला एक संध्याकाळ गेली. तितका वेळ माझे हात कापत होते, कारण फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोचायचं नाही, वाकवायचं नाही, हे मला ठाऊक होतं. अशी बॅटरी पुन्हा वापरायची नाही आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही, जिथे बॅटऱ्या गोळा करतात तिथेच द्यायची.

लिथियम-आयन सांभाळणं तसं सोपं आहे. 'पूर्ण संपवूनच चार्ज कर' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला, तो इथे लावू नये. ती अर्धवट असताना भरली तरी काही बिघडत नाही. चार्जर आधी भराभर भरतो, मग बॅटरीतल्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज ४.२ च्या आसपास पोचला की तिथे धरून ठेवून प्रवाह कमी कमी करत जातो, म्हणून शेवटचा थोडासाच भाग भरायला एवढा वेळ लागतो. तिचा खरा शत्रू म्हणजे उष्णता, त्यातही भरलेल्या पोटी उष्णता. मी एक भरलेली बॅटरी गाडीच्या काचेमागे उन्हात विसरले होते. त्यानंतर ती कधीच पूर्वीसारखी झाली नाही. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर अर्धी भरून, थंड जागी. विमानात जाताना सुटी बॅटरी हातातल्या पिशवीत, टोकं झाकून. मर्यादा १०० वॉट-अवरची असते (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं हे माप) आणि ७.२ व्होल्ट, १०४० एमएएचची बॅटरी साडेसात वॉट-अवरची भरते, त्यामुळे तिथे काळजी नाही.

मग तिने आणखी एक विचारलं, आणि त्याने मला थांबवलं. तिच्या मैत्रिणी वीस वर्षांपूर्वीचे छोटे कॅमेरे शोधून वापरताहेत, त्या जुन्या सेन्सरचे रंग त्यांना आवडतात. "तसा एखादा घेऊ का, मांजरासाठी?"

मी कपाट उघडलं. माझे जुने कॅमेरे तिथेच आहेत. दुसरा कॅमेरा पातळ, देखणा, स्वतःच्या खास चपट्या बॅटरीचा. माझ्या हातातला सगळ्यात आवडता. त्याची मूळ बॅटरी मेली, नवी कुठे मिळत नाही, मिळाली तीही वर्षानुवर्षं खोक्यात पडून मेलेली. कॅमेऱ्यात एक स्क्रूसुद्धा ढिला नाही, आणि तो उघडत नाही. त्याच्या शेजारी तो पहिला, ३.२ वाला, ज्याच्या सेलांवर मी त्या सकाळी इतकी रागावले होते. मी त्याला नेहमी सेल काढून ठेवलंय. एका टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल विसरून राहिले होते, ते गळले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा थर स्प्रिंगांवर चढला, कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावून पुसूनही टॉर्च वाचला नाही. तेव्हापासूनची सवय. खणातून 'ख' ची जोडी आणली आणि घातली.

लेन्स तिच्या जुन्याच आवाजात बाहेर आली.

पेन्सिल सेल आजही सगळीकडे मिळतात. ज्या खोबणीने मला दगा दिला, तिच्यामुळेच तो कॅमेरा जिवंत आहे. मी भाचीला हे जसंच्या तसं सांगितलं, कारण इतक्या वर्षांत माझ्या मनातली त्याची बाजू कधी बदलली ते मलाही कळलं नव्हतं. तिला म्हटलं, ताऱ्यांसाठी तुझ्या यादीतला तिसरा घे, एपीएस-सी आहे, बाहेरच्या विजेवर चालतो, पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलंय. मांजरासाठी हा घेऊन जा. कार्ड मात्र जुनंच लागेल, दोन जीबीपर्यंतचं साधं एसडी, त्यापुढची एसडीएचसी कार्डं तो ओळखत नाही. एक त्याच्या पोटात आहेच.

ती रविवारी आली. मी कॅमेरा तिच्या हातात ठेवला आणि सेलांची डबी, 'क' आणि 'ख' दोन्ही. तिने चालू केला तर पडद्यावर आधी तारीख विचारणारा चौकोन आला. सेल फार दिवस बाहेर राहिले की आतल्या घड्याळाचा छोटासा साठाही संपतो, आणि कॅमेरा आपण कुठल्या दिवसात आहोत ते विसरतो. कोषाच्या त्या दोन शेवटच्या फोटोंमध्ये, भेग पडायच्या आधीच्या आणि नंतरच्या, मिनिटसुद्धा नोंदलेलं आहे. सहा बेचाळीस आणि सहा त्रेचाळीस.

भाचीने वर्ष पुढे पुढे सरकवत आणलं, महिना लावला, मनगटावर बघून मिनिटं जुळवली. मग पडदा बंद केला आणि वरच्या छोट्या खिडकीला डोळा लावला.